बाळंतपण कोणाच्या खात्यावर?

बीड जिल्ह्यात अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला दसरा आणि दिवाळी यांच्या दरम्यान वर्गातील बाके रिकामी होताना पाहण्याची सवय होऊन जाते. ऊसतोडणीच्या टोळ्या निघाल्या की त्यांच्याबरोबर घरातील थोरली मुलेही निघतात. काही पाडव्याच्या सुमारास परततात, काही परत येतच नाहीत. अशाच परतलेल्या एका विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेत असताना तो 'जन्मस्थळ' या रकान्यापाशी अडला आणि त्याने विचारले, "सर, गावाचं नाव लिहू की फडाचं?" त्याची आई चारशे किलोमीटर दूर एका कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडाच्या बांधावर बाळंत झाली होती आणि आठवडा उलटण्यापूर्वी पुन्हा मोळी उचलायला उभी राहिली होती. तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. मी त्याला गावाचे नाव लिहावयास सांगितले. अर्ज पुरा झाला, परंतु त्या मातेच्या बाळंतपणाची नोंद कोणत्या वहीत आणि त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

गरोदरपण आणि प्रसूती सुरक्षित कशी करावी याविषयीचे संशोधन गेल्या अर्धशतकात फार पुढे गेले आहे, आणि त्यातील मोलाचा भाग आपल्याच परिसरात झालेला आहे. महाराष्ट्राची सरासरीही समाधान वाटावे अशी आहे. २०१८ ते २०२० या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, तेव्हा महाराष्ट्रातील प्रमाण ३३ होते. हे श्रेय प्राथमिक आरोग्य केंद्रांचे, परिचारिकांचे आणि आशा कार्यकर्त्यांचे आहे, ते कोणी नाकारू नये. तथापि सरासरी ही मोठी सोयीची वस्तू असते. ती ज्यांना पोटात घेते, त्यांना दृष्टीआडही करते. म्हणून या संशोधनाने काय सिद्ध केले आणि कोणती स्त्री त्याच्या कक्षेबाहेर राहिली, याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

प्रथम बेळगावचे उदाहरण घेऊ. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे जगभरातील एक प्रमुख कारण आहे. त्यावर दिले जाणारे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते आणि ते टोचणारे प्रशिक्षित हात लागतात. खेड्यात दोहोंचीही वानवा असते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्या जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० स्त्रियांवर एक चाचणी केली. मूल जन्मल्याबरोबर साहाय्यक परिचारिकेने निम्म्या स्त्रियांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडावाटे द्यायच्या आणि निम्म्यांना औषध नसलेल्या तशाच गोळ्या द्यायच्या, अशी ती योजना होती. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते. दर १८ स्त्रियांना गोळ्या दिल्या की एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

याच चाचणीत रक्तस्राव नजरेच्या अंदाजाने न जोखता प्रत्यक्ष मोजता यावा, म्हणून बाळंतिणीच्या खाली अंथरावयाची, मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची साधी झोळी वापरण्यात आली होती. तशाच झोळीचा उपयोग २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आफ्रिकी अभ्यासात झाला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींची त्यात नोंद होती. रक्त मोजायचे आणि मर्यादा ओलांडताच ठरलेले सर्व उपचार एकाच वेळी सुरू करायचे, एवढ्या शिस्तीने गंभीर रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर उतरले. जीव वाचविण्यास दरवेळी महागडी यंत्रे लागतात असे नाही, हा या दोन्ही अभ्यासांचा धडा आहे.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. पुढे त्यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेतली आणि तीन वर्षांत नवजात बालमृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ साली दाखवून दिले. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जी फेरी मारते, तिचे मूळ या कामात आहे. २००४ साली याच संस्थेने घरी बाळंत होणाऱ्या ७७२ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना प्रसूतीच्या वेळी किंवा नंतर काही ना काही आजार झाला होता आणि शंभरांतल्या पंधरा जणींना तातडीच्या वैद्यकीय मदतीची गरज होती.

तिसरे उदाहरण तर आपल्या शिवेवरचे आहे. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. अक्षरओळख नसलेल्या, बहुधा दलित व गरीब घरांतल्या स्त्रियांना त्यांनी ग्राम आरोग्यसेविका बनविले. धोक्याचे गरोदरपण वेळेवर ओळखणे, बाळंतपण स्वच्छतेने करणे आणि अडलेलीला वेळ न दवडता पुढे पाठविणे ही कामे त्या करू लागल्या. ज्ञान ही पदवीधरांची मिरास नव्हे, हे त्या स्त्रियांनी सिद्ध केले.

या तिन्ही प्रयोगांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते वाचकांनी ध्यानात घ्यावे. ते असे की, स्त्री एका जागी राहते. तिचे नाव एका गावच्या नोंदवहीत असते, तिचे दार आशाला ठाऊक असते, नवव्या महिन्यात ती कोठे असेल हे परिचारिकेला सांगता येते. बीड जिल्ह्यातील लाखो मजुरांच्या बाबतीत हे गृहीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोडते आणि मार्च-एप्रिलपर्यंत मोडलेलेच राहते. धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज येथून निघालेली टोळी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर येथे जाते, तशीच ती बेळगाव जिल्ह्यातही जाते. अतिरक्तस्रावावरील औषधाची ती गाजलेली चाचणी ज्या जिल्ह्यात झाली, त्याच जिल्ह्याच्या फडात बीडची गरोदर स्त्री ऊस वाहते. तेथील परिचारिकेच्या वहीत मात्र तिचे नाव नसते, आणि ज्या वहीत ते असते ती वही गावी राहिलेली असते.

हे का घडते, हे वैद्यकशास्त्राला विचारून कळणार नाही. त्यासाठी ऊसतोडणीचा करार वाचावा लागतो. या व्यवहारात मजुराचे परिमाण माणूस नाही, 'कोयता' आहे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको यांची जोडी. मुकादम हंगामापूर्वी त्या जोडीला उचल देतो. ती बहुधा पुरुषाच्या नावावर लिहिली जाते आणि हंगामभर टनाच्या दराने फेडून घेतली जाते. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. डोकी सेंटरवर तर तीच मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढावे लागते. पहाटे चारला सुरू झालेला दिवस गाडी भरेपर्यंत संपत नाही. एक दिवस काम बुडाले की 'खाडा' पडतो, त्याचे पैसे उचलीवर चढतात, आणि जोडीतील एकजण बसला तर दुसऱ्याचेही काम अडते. अशा व्यवस्थेत गरोदरपण हा कामातील व्यत्यय ठरतो आणि विश्रांती हे कर्ज ठरते.

थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली मातामृत्यूचे जे विवेचन केले, ते आरोग्यशास्त्रात 'तीन विलंब' या नावाने प्रसिद्ध आहे. दवाखान्यात जाण्याचा निर्णय घेण्यास होणारा उशीर, तेथे पोहोचण्यास होणारा उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यास होणारा उशीर, असे ते तीन विलंब होत. आमच्या फडातल्या स्त्रीच्या वाट्याला या तिन्हींच्या आधी आणखी एक विलंब येतो. तो कराराचा आहे. पोटात कळ आली, अंगावर जाऊ लागले, पाय सुजले, तरी आज खाडा परवडेल काय, हा प्रश्न ती प्रथम सोडविते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पहिल्या विलंबानंतर उपयोगी पडते. या आधीच्या विलंबावर तिच्यापाशी उपाय नाही.

त्याचे परिणाम आकड्यांत उमटले आहेत. ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये सर्रास काढली जात असल्याच्या बातम्यांनी २०१९ साली खळबळ उडाली. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. देशपातळीवरील पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण शंभरी तीनच्या आसपास असते. आमच्या स्त्रियांच्या शरीराची रचना वेगळी आहे असे कोणी म्हणणार नाही. बाळंतपणानंतर विश्रांती नाही, न्हाणीला आडोसा नाही, जंतुसंसर्गावर वेळेवर औषध नाही, आणि मग वर्षानुवर्षे साचलेले दुखणे एकदाच्या शस्त्रक्रियेने मिटविण्याचा सल्ला कोणीतरी देतो. दर महिन्याचे खाडे टळतील या हिशेबाने ती स्त्री तो मानते. गडचिरोलीच्या दोन गावांत १९८९ साली जे न बोललेले आजार दिसले होते, त्यांचा बीडमधील शेवट असा शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाला.

त्यानंतर स्थलांतरापूर्वी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी होऊ लागली, हे चांगलेच झाले. परंतु त्या तपासणीनेच २०२५ साली जे समोर आणले, ते अस्वस्थ करणारे आहे. २०२४-२५ च्या हंगामात जिल्ह्यातून गेलेल्या स्त्रियांपैकी दीड हजारांहून अधिक स्त्रिया गरोदर असताना फडात राबत होत्या, आणि हजारो स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे राज्यातील गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. जिच्या अंगात रक्तच कमी, तिला बाळंतपणातील थोडा रक्तस्रावही झेपत नाही, हे समजावयास वैद्यकीय पदवीची गरज नाही. तिच्या पदरात लोहाच्या गोळ्या टाकून तिच्या डोक्यावर मोळी तशीच ठेवायची, हा उपचार अर्धाच म्हणावा लागेल.

येथे इतिहासाचे स्मरण करणे उचित ठरेल. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणापूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, आणि स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकाला होत असल्याने त्यानेही आपला वाटा द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, तो कारखान्यांतील स्त्रियांपुरता. १९६१ चा केंद्रीय कायदा व्यापक होता आणि २०१७ साली त्यातील पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांनाही हा लाभ दिला पाहिजे, असा निर्णय २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. म्हणजे रोजंदारी ही सबब राहिली नाही. परंतु हजेरीपट तरी हवा, आणि ऊसतोड स्त्रीचे नाव कोणत्याही पटावर नाही. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी तर कारखान्याचा मध्यस्थ. ऊस मात्र बिनचूक एकाच गव्हाणीत पडतो.

अर्थशास्त्रात उत्पादनाचा जो खर्च उत्पादकाने न देता इतरांवर ढकललेला असतो, त्याला बाह्य खर्च म्हणतात. कारखान्याच्या धुराड्यातील धूर हे त्याचे पाठ्यपुस्तकातील उदाहरण आहे. साखरेच्या किमतीत ऊस आहे, वाहतूक आहे, व्याज आहे. फडात झालेले बाळंतपण मात्र त्यात नाही. ते त्या स्त्रीने आपल्या रक्ताने आणि तिच्या बाळाने आपल्या वजनाने फेडले आहे. हा खर्च साखरेच्या खात्यावर घेतला तर धंदा बुडेल काय, हे पाहू. एका गरोदर स्त्रीला २६ आठवडे, दिवसाला ४०० रुपये धरून मजुरी दिली, तर ७२,८०० रुपये होतात. बीडच्या १,५०० स्त्रियांचे मिळून सुमारे ११ कोटी. २०२४-२५ च्या हंगामात राज्यात साधारण साडेआठ कोटी टन उसाचे गाळप झाले. म्हणजे टनामागे सव्वा रुपयाच्या आसपास. अन्य जिल्ह्यांतील स्त्रिया धरून ही संख्या पाचपट मानली, तरी टनामागे साडेसहा रुपयांच्या वर जात नाही. त्या हंगामात उसाचा किमान दर टनाला ३,४०० रुपये होता. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत आणि शासनाने तितकीच भर घालावी, हे धोरण ठरलेलेच आहे. पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न म्हणून उरत नाही.

दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, गरोदर स्त्रियांनी फडावर जाऊच नये, तसा नियम करावा. ही सूचना सद्हेतूची असली तरी मजुरीची भरपाई केल्याशिवाय ती क्रूर ठरेल. उचल फिटली नाही तर जोडी दुसऱ्या वर्षी अधिक कर्जाने बांधली जाईल, किंवा गरोदरपणच लपविले जाईल. दुसरा आक्षेप असा की, आता तोडणी यंत्रे येत आहेत, हा प्रश्न आपोआप मिटेल. यंत्रे येतील तेव्हा येतील. बाळ नऊ महिन्यांत येते. शिवाय यंत्राने कोयता हिरावला तर बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू घरांनी काय खावे, याचे उत्तर त्या आक्षेपात नाही.

मग संशोधकांकडे आमचे मागणे काय? गोळी जशी तपासली, तशी पगारी विश्रांतीही तपासा. काही टोळ्यांतील गरोदर स्त्रियांना सातव्या महिन्यापासून मजुरीसह रजा, खाडामाफी आणि गावी किंवा अड्ड्यावर परिचारिकेची भेट द्यावी, आणि बाळाचे वजन, मातेचे रक्त, प्रसूतीतील गुंतागुंत व पुढील पाच वर्षांतील शस्त्रक्रिया यांची इतर टोळ्यांशी तुलना करावी. ज्या टोळ्यांची पाळी मागाहून येईल, त्यांच्या नेहमीच्या उपचारात मात्र काही उणे पडता कामा नये. अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी काढलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्यापीठांत अर्थशास्त्राचे विभाग आहेत. या दोघांनी मिळून दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत टोळीबरोबर चालणारी नोंदवही तयार करावी, जी जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सीमेवर थांबणार नाही. स्त्रीची संमती मुकादमाच्या देखत घेऊ नये, कारण ज्याची उचल अंगावर आहे त्याच्यासमोर दिलेला होकार हा होकार नव्हे. आणि काय मोजायचे हे ठरविताना जामखेडचा धडा विसरू नये. फडावर बाळंत झालेल्या स्त्रीला या विषयातले जे ठाऊक आहे, ते आपणा प्राध्यापकांना नाही.

शासनाने मात्र या संशोधनाच्या निष्कर्षाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कोयत्याऐवजी स्त्रीची तिच्या स्वतःच्या नावाने नोंद, गरोदरपणात आणि बाळंतपणात खाडा लावण्यास कायद्याने बंदी, महामंडळाच्या निधीतून मजुरीची भरपाई, आणि जेथे फड तेथल्या आशाच्या यादीत पाहुण्या स्त्रीचे नाव, या चार गोष्टी येत्या हंगामापूर्वी करता येण्याजोग्या आहेत. कामगार संघटनांनी टनाच्या दराच्या वाटाघाटीला बसताना हे कलम दराच्या बरोबरीने मांडावे. दरवाढीसाठी कोयता खाली ठेवणारी चळवळ यासाठीही तो खाली ठेवू शकते.

माझा तो विद्यार्थी आता संसारी झाला आहे. त्याची पत्नी गावीच, दवाखान्यात बाळंत झाली; कारण तो शिकला आणि फडावर गेला नाही. पण शिकून सुटलेल्या एकाचे उदाहरण देऊन मागे राहिलेल्या हजारोंना उत्तर देता येत नाही. गेल्या हंगामात फडावर जन्मलेली मुले पंधरा-सोळा वर्षांनी एखाद्या अर्जातील त्याच रकान्यापाशी येऊन थांबतील. ती जे विचारतील, त्याचे उत्तर त्या वेळच्या प्राध्यापकावर सोपवून आपण मोकळे होता कामा नये.